नागार्जुनाचा पत्ता

नागपूरहून भंडाऱ्याकडे निघालं की भंडारा येण्याआधी शहापूर लागतं. महामार्गावरचं गाव. जवळच जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी, रस्त्यावर रायपूरकडे जाणाऱ्या ट्रकांची रीघ. बौद्ध धर्माचा जुना इतिहास शोधायला इथं कुणी मुद्दाम उतरत नाही. पण याच गावात उभं राहून चारी दिशांना पाहिलं, तर आजूबाजूला काय काय आहे ते लक्षात येतं. दक्षिणेला वैनगंगेकाठी पवनी. तिथं 1969-70 साली शां. भा. देव आणि जगतपती जोशी यांनी केलेल्या उत्खननात प्राचीन स्तूप उजेडात आले, ब्राह्मी लिपीत दात्यांची नावं कोरलेले दगड मिळाले आणि बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नागही मिळाला. त्याच पवनी तालुक्यात रुयाडची महासमाधी भूमी आहे. ती उभी करणाऱ्या संघाची नाळ जपानच्या तेंदाई पंथाशी जोडलेली आहे. वायव्येला रामटेकच्या वाटेवर मनसर. आणि पश्चिमेला नागपूर, जिथं 14 ऑक्टोबर 1956 रोजी लाखो माणसांनी एका दिवसात धर्म बदलला.

या चारही ठिकाणांना जोडणारं पाचवं ठिकाण मात्र भारतात नाही. ते चीनमध्ये आहे. आजचं शिआन, म्हणजे जुनं चांगआन.

विदर्भातल्या बौद्धांना नागार्जुन आपला वाटतो. तिबेटी इतिहासकार बू-स्तोन यानं त्याचा जन्म विदर्भात झाल्याचं लिहून ठेवलं आहे. रामटेकजवळ नागार्जुनाच्या नावाची टेकडी आहे. दुसऱ्या-तिसऱ्या शतकात होऊन गेलेला हा तत्त्वज्ञ नक्की कुठला, याचा शिलालेखी पुरावा कुणाकडेच नाही. गंमत अशी, की ज्याच्या गावाबद्दल एवढा वाद आहे, त्यानं आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली: कोणत्याही वस्तूला स्वतःचं असं, दुसऱ्या कशावरही न अवलंबणारं मूळ नसतं. मग त्याचं मूळ शोधायचं म्हणजे नेमकं काय शोधायचं? प्रश्न नुसता शब्दांचा खेळ वाटू शकतो. पण शिआनच्या आसपासची देवळं एकेक करून पाहू लागलं, की तो विटा, लाकूड, हाडं आणि सरकारी फायलींच्या पातळीवर उतरतो.

सुरुवात शहराच्या नैर्ऋत्येला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्साओतांग मंदिरापासून करावी. हे कुमारजीवाचं ठिकाण. कुमारजीवाचा बाप भारतीय, आई मध्य आशियातल्या कुचा राज्याची राजकन्या. लहानपणी तो आईबरोबर काश्मीरला येऊन शिकला. पुढे त्याची कीर्ती इतकी पसरली, की त्याला मिळवण्यासाठी सैन्यं निघाली. 384 साली ल्यू ग्वांग नावाच्या सेनापतीनं कुचा जिंकलं, कुमारजीवाला पकडलं, त्याची थट्टा केली, त्याला जबरदस्तीनं लग्न करायला लावलं आणि पुढची सोळा-सतरा वर्षं लिआंगचौला अडकवून ठेवलं. 401 साली याओ शिंग या राजाच्या फौजांनी त्याला तिथून सोडवलं आणि चांगआनला आणलं. आणलं म्हणजे एका कैदेतून दुसऱ्या, जरा सन्मानाच्या कैदेत. अशा बुद्धिमंताचा वंश खुंटू नये म्हणून या राजानं त्याच्या घरी दहा स्त्रिया पाठवल्या. चिनी चरित्रकार सांगतात, की तेव्हापासून तो प्रवचनाआधी शिष्यांना बजावायचा, चिखलातलं कमळ तेवढं घ्या, चिखल घेऊ नका.

ब्रह्मचर्य मोडलेला हा भिक्खू पुढच्या बारा वर्षांत जे करून गेला, त्यावर पूर्व आशियातला निम्मा बौद्ध धर्म उभा आहे. 406 मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्र. 409 मध्ये नागार्जुनाची मध्यमककारिका, भाष्यासह. शेकडो विद्वान एका दालनात बसत. कुमारजीव संस्कृत पोथी हातात घेऊन तोंडी चिनीत सांगे, बाकीचे शंका काढत, वाद घालत आणि मग एक वाक्य पक्कं होई. विहार म्हणजे ध्यानाची शांत जागा, ही समजूत इथं बाजूला ठेवावी लागते. ते एक गजबजलेलं कार्यालय होतं, आणि खर्च राजाच्या खजिन्यातून चालत होता.

कुमारजीव 413 च्या सुमारास गेला. भाषांतरात चूक नसेल तर चितेत माझी जीभ जळणार नाही, असं तो म्हणाला होता आणि तसंच झालं, अशी आख्यायिका आहे. त्साओतांगमध्ये त्याच्या अवशेषांवरचा म्हणून सांगितला जाणारा एक रंगीत दगडांचा सुबक स्तूप आहे. पण न जळलेल्या जिभेवर बांधलेला म्हणून आणखी एक मनोरा दाखवला जातो, तो शेकडो मैल दूर, वुवेइ शहरात. नागार्जुनाच्या गावाचा निकाल लागलेला नाही, तसाच त्याच्या भाषांतरकाराच्या जिभेचाही नाही.

कारिकांचं चोविसावं प्रकरण या सगळ्याच्या मध्यभागी आहे. तिथं विरोधक नागार्जुनाला कोंडीत पकडतो: सगळंच शून्य असेल तर चार आर्यसत्यं गेली, बुद्ध गेला, संघ गेला, तुझ्याकडे उरलं काय? नागार्जुन त्याचा आक्षेप त्याच्यावरच उलटवतो. वस्तूंना पक्का, बंदिस्त स्वभाव असता तर दुःख कधीच संपलं नसतं, कुणी कधी शिकलं नसतं, कुणी कधी बदललं नसतं. शून्यता आहे म्हणूनच काही घडू शकतं. त्याचबरोबर तो दोन सत्यांचा भेद करतो. एक परमार्थाचं, दुसरं व्यवहाराचं. व्यवहाराचा आधार न घेता परमार्थ शिकवताच येत नाही, ही त्याची अट आहे. भल्याभल्यांना या अटीचा विसर पडतो.

सहाव्या शतकात हुइवेन नावाच्या चिनी भिक्खूच्या हाती नागार्जुनाच्या नावावर असलेला एक प्रचंड ग्रंथ पडला. परंपरा सांगते, की हुइवेननं तो वाचला आणि मृत नागार्जुनालाच गुरू मानलं. हुइवेनकडून हुइसी, हुइसीकडून झियी. आणि झियीनं झेजिआंगमधल्या तिएनताई डोंगरावर नागार्जुनाच्या त्या प्रकरणाचा विस्तार करत एक अख्खं दर्शन उभं केलं. गंमत म्हणजे हुइवेननं वाचलेला तो ग्रंथ फक्त चिनीत उपलब्ध आहे आणि आजचे अनेक अभ्यासक तो नागार्जुनाचा नाहीच असं म्हणतात. म्हणजे शिष्य खरा, दर्शन खरं, आणि ज्या दारातून तो आत शिरला ते दार कदाचित दुसऱ्याच कुणाच्या घराचं. त्यामुळे तिएनताई खोटं ठरतं का? ज्याला ठरतं असं वाटतं, त्यानं नागार्जुन पुन्हा वाचावा.

804 साली जपानहून चार जहाजांचा सरकारी ताफा चीनकडे निघाला. त्यातली दोनच जहाजं पोचली. एकात साइचो होता, दुसऱ्यात कूकाई. साइचो तिएनताईला गेला, परत येऊन क्योतोजवळच्या हिएई डोंगरावर त्यानं तेंदाई पंथ रुजवला. अकराशेहून अधिक वर्षांनी त्याच डोंगरावर विदर्भातला एक तरुण शिकायला गेला. भदन्त संघरत्न मानके. ते परतले आणि पञ्ञा मेत्ता संघाच्या कामातून रुयाडची महासमाधी भूमी उभी राहिली. विदर्भ, चांगआन, तिएनताई, हिएई, आणि पुन्हा वैनगंगेचं खोरं. विचार फिरून घरी आला, असं म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. जो परत आला तो निघालेलाच होता का, याचं उत्तर नागसेनानं मिलिंद राजाला दिलं होतं: तोही नाही आणि वेगळाही नाही.

कूकाई मात्र थेट चांगआनला गेला, चिंगलोंग मंदिरात हुइग्वो नावाच्या आचार्यांकडे. 805 मध्ये काही महिन्यांत त्याला सगळी दीक्षा मिळाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीला आचार्य गेले. त्यातून जपानचा शिंगोन पंथ निघाला. शिंगोनच्या गुरुपरंपरेत नागार्जुन तिसरा. वज्रबोधी आणि अमोघवज्र या आठव्या शतकातल्या भारतीय परंपरेच्या आचार्यांमार्फत ही परंपरा चांगआनला पोचली. अमोघवज्राचं मुख्य ठाणं असलेलं दाशिंगशान मंदिर शिआनमध्ये आजही आहे. या दोघांच्या नावावर एक कथा लिहिलेली आढळते: दक्षिण भारतात एक लोखंडी स्तूप होता, शेकडो वर्षं बंद, एका महात्म्यानं मोहरीचे दाणे मंत्रून त्याच्या दारावर मारले, दार उघडलं आणि आत गुप्त सूत्रं मिळाली. तो महात्मा म्हणजे नागार्जुन, असं शिंगोन परंपरा मानते.

ही कथा चांगआनमध्ये लिहिली गेली नसती तर मनसरची टेकडी कदाचित अजून झाडाझुडपांतच असती. सुरेई ससाई हे शिंगोन दीक्षा घेतलेले जपानी भिक्खू 1960 च्या दशकात भारतात आले. राजगीरला स्वप्नात नागार्जुनासारखी एक आकृती आली आणि तिनं नागपूरला जा असं सांगितलं, असं ते स्वतः सांगत आले आहेत. नागपुरात ते वामनराव गोडबोल्यांकडे पोचले, म्हणजे 1956 च्या दीक्षा सोहळ्याचं संयोजन करणाऱ्या माणसाकडे. तिथं बाबासाहेबांचं छायाचित्र पाहिलं आणि स्वप्नातला चेहरा हाच, असं त्यांना वाटलं. पुढे ते भारतीय नागरिक झाले, आंबेडकरी चळवळीत मुरले. पण नागार्जुन आणि त्याचा लोखंडी स्तूप त्यांच्या डोक्यातून गेला नाही. 1998 पासून मनसरला जे उत्खनन झालं, ते त्यांनी स्थापन केलेल्या नागार्जुन स्मारक संस्थेच्या पुढाकारानं. प्रमुख होते अ. कु. शर्मा आणि जगतपती जोशी. तेच जोशी, ज्यांनी तीसेक वर्षांपूर्वी पवनी खणली होती.

मनसरला काय सापडलं? विटांची भव्य बांधकामं, अप्रतिम वाकाटक शिल्पं, आणि प्रवरेश्वराचं नाव असलेल्या मुद्रा. डच अभ्यासक हान्स बाकर यांच्या मते हे पाचव्या शतकातल्या वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनानं बांधलेलं प्रवरेश्वराचं, म्हणजे शिवाचं देऊळ. उत्खनन करणाऱ्यांनी तिथं बौद्ध थरही मांडले. ससाईंच्या अनुयायांसाठी ते नागार्जुनाचंच ठिकाण आहे. हा वाद अभ्यासकांच्या परिषदांतच राहिला नाही. विदर्भात देऊळ की विहार हा प्रश्न कुणाच्याही जातीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही, आणि ज्यांचा इतिहास पिढ्यान्‌पिढ्या पुसला गेला, त्यांनी एखाद्या टेकडीवर हक्क सांगितला तर त्यामागची भूक समजून घ्यायलाच हवी.

पण समजून घेणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं. प्रस्तुत लेखकाला मनसरची वाकाटक बाजू जास्त भक्कम वाटते. इथं काही श्रद्धाळू नागार्जुनाचाच आधार घेतात: सगळं शून्य, मग शिवाचं काय आणि बुद्धाचं काय. ही पळवाट आहे. दोन सत्यांचा सिद्धांत व्यवहारातल्या सत्याला सूट देत नाही. मुद्रेवर अक्षर कोणतं आहे, विटेचं माप काय, थर कोणत्या काळाचा, हे व्यवहाराचे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं पुराव्यानंच द्यावी लागतात. शून्यतेची ढाल पुढे करून पुरावा चुकवणारा माणूस नागार्जुनाचा अनुयायी नव्हे, त्या चोविसाव्या प्रकरणातला विरोधक आहे.

चिनी यात्रेकरू भिक्खू ह्युएन त्संगही या भानगडीतला मोठा साक्षीदार. 629 च्या सुमारास तो चांगआनहून लपतछपत निघाला आणि 645 मध्ये 657 ग्रंथ घेऊन परतला. महाराष्ट्रात त्यानं शंभरावर संघाराम आणि पाच हजारांवर भिक्खू असल्याची नोंद केली. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असंही लिहिलं. कोसल देशाच्या वर्णनात नागार्जुन येतो. डोंगर कोरून केलेला पाच मजली विहार, खजिना संपल्यावर नागार्जुनानं दगडांचं केलेलं सोनं, सगळं तिथं आहे. त्यातला एक प्रसंग देवाचा, म्हणजे आर्यदेवाचा. तो वाद घालायला आला. नागार्जुनानं काही न बोलता पाण्यानं काठोकाठ भरलेलं पात्र बाहेर पाठवलं. देवानं त्यात एक सुई टाकली. झालं, शिष्यत्व पक्कं. हा कोसल नेमका कुठला? पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमनं तो विदर्भाकडे, चांद्याकडे ओढला. नंतरच्या अभ्यासकांनी बहुतेक छत्तीसगडच्या बाजूला नेला.

परतल्यावर ह्युएन त्संगनं चांगआनच्या त्सिएन मंदिरात पोथ्या ठेवायला मनोरा मागितला. 652 मध्ये पाच मजली मनोरा उभा राहिला. आत माती, बाहेर विटा. पन्नास वर्षांत ढासळला. सम्राज्ञी वू हिच्या काळात नव्यानं बांधला, मिंग काळात वरून पुन्हा विटांचा थर चढवला. आज सुमारे 64 मीटर उंच, सात मजली 'मोठा हंस मनोरा' म्हणून पर्यटक ज्याचे फोटो काढतात, त्यात ह्युएन त्संगनं पाहिलेलं फार थोडं असावं. जवळचा छोटा हंस मनोरा मूळचा पंधरा मजली. 1556 च्या भीषण भूकंपानंतर तेरा मजले उरले.

भूकंपापेक्षा माणसांनी जास्त मोडलं. 845 मध्ये सम्राट वूत्सोंगनं बौद्ध धर्मावर हत्यार उपसलं. सरकारी हिशेबानुसार 4,600 हून अधिक मठ पाडले आणि 2,60,500 भिक्खू-भिक्खुणींना संसारात परत ढकललं. मठांच्या जमिनी, तांब्याच्या मूर्ती आणि करमुक्त माणसं राज्याला हवी होती. त्यावेळी साइचोच्या परंपरेतला जपानी भिक्खू एन्निन चांगआनमध्येच होता. त्याची रोजनिशी वाचताना दर महिन्याला फास कसा आवळत गेला ते दिसतं. चिंगलोंग मंदिर पुढे अकराव्या शतकानंतर उजाडच झालं. आज तिथं जे दिसतं ते 1980 च्या दशकात जपानी बौद्धांच्या मदतीनं बांधलेलं आहे. पवनीत तर स्तूपावर माती साचली, टेकडी झाली आणि टेकडीला जगन्नाथाचं नाव मिळालं.

मग शिआनच्या या नव्या-जुन्या देवळांत शहापूरचा एखादा आंबेडकरी बौद्ध जाऊन उभा राहिला तर त्याला काय वाटेल? बहुधा अवघडल्यासारखं. दाशिंगशानमध्ये उदबत्त्यांचा धूर, परीक्षेत पास होण्यासाठी नवस, बोधिसत्त्वांपुढे लोटांगणं. ज्याच्या आजोबांनी बावीस प्रतिज्ञा घेऊन नवस-सायास सोडले, त्याला हे पाहून आपण चुकीच्या दारात आलो असं वाटणं साहजिक आहे. अमोघवज्र स्वतः राजासाठी पाऊस पाडायचे विधी करायचा. नागार्जुनाच्या नावानं पाऊस मागायचा, हे त्याच्या कारिका वाचलेल्याला चमत्कारिकच वाटेल.

तरीही एका जागी धागा जुळतो. 1954 मध्ये बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. त्या काळात त्यांचं ज्या ग्रंथावर काम चालू होतं, तो 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शून्यवादावरचा मजकूर थोडाच आहे, पण नेमका आहे. शून्यता म्हणजे नकार नव्हे, असं ते सांगतात. ती भूमितीतल्या बिंदूसारखी आहे, आणि तिच्यामुळेच सगळं शक्य होतं. हे चोविसाव्या प्रकरणाचंच म्हणणं आहे. बाबासाहेबांना त्याची गरज का होती ते उघड आहे. जन्मानं माणसाला पक्का स्वभाव चिकटतो, हे खरं मानलं तर महार हा कायमचा महार. जातिव्यवस्थेचा सगळा डोलारा स्वभावाच्या कल्पनेवर उभा आहे. झियीनं त्याच विचारातून ध्यानाची पद्धत काढली, बाबासाहेबांनी धर्मांतराचा आधार. चांगआनमध्ये कारिकांचं भाषांतर करवून घेणाऱ्या याओ शिंगला यातलं काय दिसलं असेल कोण जाणे. त्याला बहुधा आपल्या राज्याला शोभा आणणारा एक विद्वान हवा होता.

शिआनच्या दक्षिणेला शिंगजिआओ मंदिर आहे. 669 मध्ये ह्युएन त्संगचे अवशेष तिथं हलवले गेले. मधला मोठा मनोरा त्याचा, दोन बाजूंना दोन शिष्यांचे: चिनी क्वेइजी आणि कोरियन वोनचुक. त्याची म्हणून सांगितली जाणारी कवटी पुढे नानजिंगला गेली. 1942 मध्ये ती तिथं खोदकामात सापडली, तिचे तुकडे वाटले गेले, आणि एक तुकडा 1957 च्या जानेवारीत, नागपूरच्या दीक्षेनंतर तीनच महिन्यांनी, नालंदासाठी भारताला देण्यात आला. मनोऱ्याखाली नेमकं काय उरलं आहे, हा प्रश्न उरतोच.

2013 च्या वसंतात रेशीममार्गाच्या जागतिक वारसा प्रस्तावासाठी या मंदिराची तपासणी सुरू झाली. अधिकाऱ्यांना तिन्ही मनोरे हवे होते. आजूबाजूच्या अलीकडच्या इमारती, म्हणजे भिक्खूंची जेवणाची जागा आणि राहण्याच्या खोल्या, वारशाला शोभत नाहीत म्हणून पाडायच्या होत्या. मंदिरानं विरोध केला, यादीतून आमचं नाव काढलं तरी चालेल असं कळवलं, आणि देशभर ओरड झाल्यावर पाडकाम थांबलं. पुढच्या वर्षी युनेस्कोनं शिंगजिआओचे मनोरे यादीत घेतले. भिक्खू तिथंच राहतात, आणि भोजनशाळाही चालू आहे.